नव्या बातमीदाराचा पहिला आठवडा: कुठे जायचं, कुणाला विचारायचं, कॉपी कशी द्यायची

पत्रकारितेची पदविका घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या एखाद्या दैनिकात रुजू झालात, तर शिकाऊ म्हणून बाजूला बसून बघायला फारसा वेळ मिळत नाही. गंगापूर धरणातून पाणी सुटतं, द्वारका चौकात अपघात होतो, लासलगावला कांद्याचे भाव पडतात, महापालिकेत सभा लागते. मग चीफ रिपोर्टर तुमच्याकडे बघून म्हणतात, "तू जाऊन ये." कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे प्रश्न वर्गात पाठ झालेले असतात. ते कुणाला विचारायचे, हे मात्र तिथे कुणी सांगितलेलं नसतं. खालचा आठवडा त्यासाठी लिहिला आहे. उदाहरणं नाशिकची आहेत. कोल्हापूर किंवा नांदेडला धरणाचं आणि चौकाचं नाव बदलेल, काम तेच राहील.

आठवडाभर एक सवय सोडायची नाही. वहीत लिहिलेल्या प्रत्येक नावापुढे, आकड्यापुढे आणि आरोपापुढे दोन गोष्टी टिपायच्या: हे कुणी सांगितलं, आणि त्याला ते कसं कळलं. त्याने स्वतः पाहिलं, कागदावर वाचलं की कुणाकडून ऐकलं? "कसं कळलं?" हा प्रश्न नम्रपणे विचारला तर कुणी रागावत नाही. उलट समोरचा थोडा सावध होतो आणि नीट आठवून सांगतो.

रुजू होण्याआधीचा रविवार

आपल्या आणि प्रतिस्पर्धी दैनिकाचे मागचे पंधरा दिवसांचे अंक वाचून काढा. कोणते विषय चालू आहेत, कोणती बातमी अर्धवट राहिली आहे आणि कोणत्या अधिकाऱ्याचं नाव वारंवार येतं, ते लिहून ठेवा. जिल्ह्याचा नकाशा डोक्यात बसवा. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. शहराचं पोलिस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचे पोलिस अधीक्षक वेगळे. मालेगाव कितीही मोठं शहर असलं तरी ते ग्रामीण पोलिसांकडे येतं. नव्या माणसाचे निम्मे फोन चुकीच्या कार्यालयात जातात, ते हे माहीत नसल्यामुळे.

फोनमध्ये साहेबांचे नंबर साठवण्याआधी कार्यालयांचे नंबर साठवा, कारण साहेबांची बदली होते आणि कार्यालयाचा नंबर तोच राहतो. पोलिस नियंत्रण कक्ष, शिंगाडा तलावावरचं अग्निशमन मुख्यालय, सिव्हिल हॉस्पिटल, जलसंपदा विभागाचा पूर नियंत्रण कक्ष, जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती कक्ष (१०७७) एवढे पहिल्याच दिवशी हवेत. पिशवीत वही, दोन पेनं, पॉवर बँक, रेनकोट आणि एखादा बिस्किटाचा पुडा असू द्या. पावसात जेलपेनची शाई पसरते, म्हणून बॉलपेनच घ्या.

सोमवार: ओळखी

सकाळच्या मीटिंगमध्ये कमी बोला, जास्त लिहून घ्या. आपल्या दैनिकात बातम्यांची यादी किती वाजता द्यायची, कॉपी (लिहिलेली बातमी) किती वाजता सोडायची आणि डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या तालुक्यांना जाणाऱ्या आवृत्तीचं पान कधी सुटतं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सुरगाणा-पेठकडे जाणारी आवृत्ती लवकर छापावी लागते, कारण गाडीला घाट ओलांडून पहाटेच्या आत पोचायचं असतं. त्या तालुक्यातली बातमी रात्री दहाला दिली तर शहरातले लोक ती वाचतील, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्या गावाला ती मिळणार नाही.

दुपारी बीटवर, म्हणजे तुमच्याकडे नेमून दिलेल्या कार्यालयांत जा, पण पहिल्या भेटीत बातमी मागू नका. आपलं नाव, दैनिकाचं नाव आणि आजपासून हे बीट माझ्याकडे आहे, एवढं सांगा. साहेबांना भेटण्याआधी त्यांच्या स्वीय सहायकाला, शिपाईदादांना, आवक-जावक सांभाळणाऱ्या ताईंना भेटा. कोणती फाइल कुठे आहे हे यांना माहीत असतं, आणि रोजच्या ओळखीतून ती माणसं तुम्हाला दार उघडून देतात. मात्र त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीवरून त्यांची नोकरी अडचणीत येईल असं काही छापायचं नाही. हा शब्द पहिल्या दिवसापासून पाळा.

महिन्याचा पहिला सोमवार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला जाऊन बसा. निवेदनं घेऊन आलेली माणसं बाहेर बाकावर तासन्‌तास थांबलेली असतात. कुणाचा सातबारा अडकला आहे, कुणाची पेन्शन थांबली आहे. त्यांच्याशी बोला, त्यांच्या अर्जावरची पहिली तारीख बघा. एकच अर्ज किती वेळा दिला गेला, हे त्या तारखांवरून कळतं, आणि बातमी तिथूनच सुरू होते.

मंगळवार: पोलिस ठाणं, सिव्हिल आणि एक अपघात

सगळ्यात जास्त चुका याच बीटवर होतात, आणि त्या माणसांच्या जिव्हारी लागतात. म्हणून इथे सावकाश चालू.

सकाळी फोनची फेरी करा: नियंत्रण कक्ष, अग्निशमन, सिव्हिलमधली पोलिस चौकी. मग ठाण्यात जा. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभं राहून "रात्रीत काय दाखल?" एवढंच विचारलं, तर उत्तर बहुधा "काही विशेष नाही" असं येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: अपघात किती, अकस्मात मृत्यूची नोंद आहे का, चोरीत किती रकमेचा माल गेला? एफआयआर बघायला मिळाला तर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, फिर्यादी कोण, गुन्हा घडल्याची वेळ आणि गुन्हा दाखल झाल्याची वेळ वेगवेगळी टिपा. या दोन वेळांत तीन दिवसांचं अंतर असेल, तर ते का पडलं हा प्रश्न विचारायलाच हवा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे संध्याकाळी आपली टिपणं तिथल्या प्रतीशी ताडून बघता येतात.

कलमं लिहिताना एक काळजी घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम पूर्वी ३०२ होतं, आता १०३ आहे. फसवणुकीचं ४२० होतं, आता ३१८ आहे. पण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच भारतीय दंड संहिता लागू राहते. त्यामुळे कोर्टात अजून दोन्ही क्रमांक ऐकू येतील, आणि कुठला क्रमांक कुठल्या कायद्यातला हे दरवेळी लिहावं लागेल. वाचकाला कलमाच्या आकड्यापेक्षा गुन्हा काय ते सांगा. आकडा चौकटीत गेला तरी चालतो.

आता अपघात. समजा, सकाळी द्वारका चौकात ट्रकने दुचाकीला उडवल्याचा फोन आला. जागेवर पोचल्यावर आधी जखमींना वाट द्या, मग विचारपूस करा. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधा. "ट्रक सिग्नल तोडून आला" असं चार जण सांगतील. त्यातल्या किती जणांनी ते पाहिलं आणि किती जणांनी ऐकलं, ते वेगळं करा. गाड्यांचे क्रमांक, रस्त्यावरचा खड्डा, बंद सिग्नल हे स्वतः बघून लिहा. मग सिव्हिल. मृत्यू झाला हे डॉक्टरांनी घोषित केल्याखेरीज लिहायचं नाही. पोलिस दोन म्हणत असतील आणि हॉस्पिटल एक, तर दोन्ही ठिकाणी पुन्हा फोन करा आणि तरी मेळ बसला नाही तर कोण काय म्हणालं तसं लिहा. नावाचं शुद्धलेखन आणि वय नातेवाइकांकडून किंवा आधार कार्डावरून घ्या. घरच्यांना कळलेलं आहे याची खात्री होईपर्यंत नाव ऑनलाइन टाकू नका. शवागाराबाहेर उभ्या असलेल्या आईला "आता कसं वाटतंय" असं विचारायला आपण तिथे गेलेलो नसतो. एखादा काका, मेव्हणा बोलण्याच्या स्थितीत असतो, त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोला.

कॉपी लिहायला बसल्यावर हात आपोआप असं लिहितो: "द्वारका परिसरात काल भीषण अपघात होऊन एकाचा दुर्दैवी मृत्यू झाला. या घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे." या दोन वाक्यांत माहिती जवळपास नाही. त्याऐवजी: "द्वारका चौकात मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास ट्रकची धडक बसून दुचाकीवरील ३४ वर्षीय तरुणाचा मृत्यू झाला. ट्रकचालकाला पोलिसांनी ताब्यात घेतले असून, चौकातील सिग्नल अपघातावेळी बंद होता, असे दोन प्रत्यक्षदर्शींनी सांगितले." 'भीषण' आणि 'दुर्दैवी' काढून टाकले तरी वाचकाला दुःख कळतं, आणि बंद सिग्नलविषयी उद्या महापालिकेला जाब विचारता येतो.

ताब्यात घेतलेला, अटक झालेला, गुन्हा दाखल झालेला माणूस 'संशयित' असतो. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत त्याला चोर, खुनी, नराधम म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तसं लिहिलेलं असलं तरी नाही.

काही नावं कधीच छापायची नाहीत. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालक असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम २३ लागतं. विधिसंघर्षग्रस्त बालकाबाबत, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा बालकाबाबत बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नुसतं नाव गाळून भागत नाही. गाव छोटं, शाळा एकच आणि वडिलांचा व्यवसायही छापला, तर गावाला मुलगी कोण ते लगेच कळतं. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव आणि नातं एकत्र छापलं तरी तेच होतं. कॉपी सोडण्यापूर्वी ती त्या गावातल्या शेजाऱ्याच्या नजरेने वाचा. त्याला ओळख पटणार असेल, तर अजून तपशील काढा.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, वस्तू, चिठ्ठीतला मजकूर आणि फोटो नको. मथळ्यात तो शब्द ठळक करायचा नाही. 'अमुक कारणाने' असं एकच कारण ठोकून द्यायचं नाही, कारण ते कुणालाच इतक्या लवकर कळलेलं नसतं. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. बातमीखाली टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. तो वाचून एखाद्याने फोन केला, तर त्या चार ओळींचं काम मोठं आहे.

बुधवार: कांद्याचा भाव

लासलगावचा भाव लिहिताना चार गोष्टी लागतात: आवक, किमान, कमाल आणि सरासरी भाव, सगळं क्विंटलमध्ये. नवा बातमीदार कमाल भाव मथळ्यात घेतो. तो कदाचित एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरला मिळालेला असतो. शेतकऱ्याच्या हातात साधारण काय पडलं हे सरासरी भावावरून कळतं. कांदा उन्हाळ की लाल, मोठा माल की गोल्टी (बारीक कांदा), लासलगावची मुख्य बाजार समिती की विंचूरचा उपबाजार, हे स्पष्ट करा. भाव पडले म्हणायचं तर कशाच्या तुलनेत, तेही सांगा. आणि बाजार समितीतून परतण्याआधी गाडी रिकामी करून निघालेल्या एका शेतकऱ्याला हिशोबपट्टी दाखवायची विनंती करा. हमाली, तोलाई वजा होऊन त्याला किती मिळाले आणि भाडं किती गेलं, हे त्या कागदावरून आणि त्याच्याकडूनच कळतं.

गुरुवार: पाणी सुटलं

पावसाळ्यातल्या नाशिकचा हा सगळ्यात धावपळीचा दिवस. गंगापूरमधून विसर्ग वाढवला की रामकुंडावर गर्दी होते आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, यावर सगळं गाव पुराचा अंदाज बांधतं. ते लिहा, लोकांना ते समजतं. पण त्यासोबत आकडा आणि त्याची वेळ हवीच.

विसर्गाचे आकडे तासातासाला बदलतात. म्हणून "दुपारी चार वाजता गंगापूरमधून सहा हजार क्युसेक" असं वेळेसकट लिहायचं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे सहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण एक लाख ७० हजार लिटर. धरणातून सुटणारं पाणी आणि शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. पुलापाशी मधल्या नाल्यांचं आणि पावसाचं पाणी मिळालेलं असतं. पुढे नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे जाणारा विसर्ग हा तिसरा आकडा. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की पैठणपर्यंत चुकीची माहिती जाते.

धरणाचा साठा दलघफूमध्ये (दशलक्ष घनफूट) किंवा टीएमसीमध्ये येतो. एक हजार दशलक्ष घनफूट म्हणजे एक टीएमसी. एक गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ११ हजार ५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. कुणी "एका रात्रीत जायकवाडीला पाच टीएमसी गेलं" म्हणालं, तर ते शक्य आहे का हे जागच्या जागी तपासता येतं.

व्हॉट्सॲपवर दुपारपासून 'धरण फुटलं'चे व्हिडिओ फिरायला लागतील. व्हिडिओ कुठला हे दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, पुलाची ठेवण यावरून बघा. पाठवणाऱ्याला विचारा: तू काढलास का? "ग्रुपवर आला" असं उत्तर आलं, तर तो वापरायचा नाही. प्रतिस्पर्ध्याने तो टाकला असला तरी नाही. त्याऐवजी पूर नियंत्रण कक्षाशी बोलून धरण सुरक्षित असल्याची बातमी लगेच द्या. घाबरलेल्या माणसांना तीच हवी असते.

नदीकाठी उभं राहून काम करताना कठड्यावर चढू नका, पाण्यात पाय घालू नका. फोटोग्राफरसोबत राहा आणि कुठे आहात ते ऑफिसला कळवत राहा.

शुक्रवार: सकाळी कोर्ट, दुपारी सभा

कोर्टात ऐकू आलेलं तसंच्या तसं घेऊ नका. वकील बाहेर येऊन सांगतात ती त्यांच्या पक्षाची बाजू असते. आदेशाची प्रत बघा, नाहीतर प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नोंद बघा. पोलिस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांत गल्लत नको: पहिलीत माणूस तपासासाठी पोलिसांकडे राहतो, दुसरीत कारागृहात जातो. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटका झाली असंही लिहू नका, खटला चालूच असतो.

महापालिकेच्या सभेला जाण्याआधी विषयपत्रिका मिळवा आणि ती सभेच्या आदल्या रात्री वाचा. सभागृहातला गोंधळ, घोषणा, माइकची ओढाताण सगळे लिहितात. खरी बातमी बऱ्याचदा विषयपत्रिकेच्या शेवटी असते. 'आयत्या वेळचे विषय' नावाखाली काय मंजूर झालं, ते नगरसचिवांच्या कार्यालयात विचारा. मोठ्या रकमेचा विषय आयत्या वेळी का आला, हा प्रश्न आयुक्तांना विचारण्यासारखा आहे.

आणि 'रस्ता मंजूर' असं लिहिण्याआधी थांबा. कामाचे टप्पे असतात: प्राकलन (खर्चाचा अंदाज), प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसा उपलब्ध झाला किंवा काम सुरू होणार असं नाही. मधल्या कुठल्याही टप्प्यावर काम वर्षभर अडकू शकतं. नेता म्हणतो "मंजूर करून आणला", तेव्हा विचारा: कोणत्या टप्प्यावर आहे, अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून पैसे आहेत, कार्यादेशाची तारीख काय? एका रस्त्याच्या या पाच तारखा वहीत भरून ठेवल्या, तर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची बातमी तयार असते.

शनिवार: स्वतःची बातमी

रोजच्या धावपळीत आठवड्यातून एक दिवस तरी अशा विषयाला द्या, जो तुम्हाला कुणी नेमून दिलेला नाही. द्वारका चौकातला बंद सिग्नल घ्या. तो कधीपासून बंद आहे, देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे, त्या चौकात वर्षभरात किती अपघात झाले? अर्धी उत्तरं विचारून मिळतील, उरलेल्यांसाठी माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानुसार अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द. 'का' असं विचारलं तर नकार येतो. कागद मागा: करारनाम्याची प्रत, देयकांची यादी, तक्रार नोंदवहीची अमुक महिन्यांची पानं.

ज्याच्यावर ठपका येणार आहे त्याची बाजू छापण्याआधी घ्यायची. रात्री दहाला एक फोन करून "प्रतिसाद दिला नाही" लिहिणं हा न्याय नाही. दुपारी फोन करा, नेमके मुद्दे लेखी पाठवा, उत्तराला वेळ द्या.

कुणी धमकावलं किंवा अंगावर आलं, तर एकट्याने निस्तरू नका. संपादकांना लगेच सांगा आणि तक्रार नोंदवा. पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालचा तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने करायचा असतो.

रविवार: कार्यक्रम, पाकीट आणि छापलेला अंक

रविवारी उद्घाटनं, सत्कार, पत्रकार परिषदा. वक्त्यांची नावं पत्रिकेवरून उतरवू नका, व्यासपीठावर खरोखर कोण आलं ते बघा. पत्रकार परिषदेत फाइलमधून पाकीट निघालं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता परत करा आणि ऑफिसमध्ये सांगा. महागड्या भेटवस्तूचंही तेच. पगार तुटपुंजा आहे हे खरं आहे आणि त्यासाठी मालकांशी भांडायलाही हवं. पण ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला सोमवारी अवघड प्रश्न विचारता येत नाही.

संध्याकाळी आठवड्याभराचे अंक घेऊन बसा. आपली मूळ कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी ठेवून उपसंपादकांनी काय बदललं ते लाल पेनने खुणा करून बघा, आणि कारण कळलं नाही तर डेस्कवर जाऊन विचारा. विचारणाऱ्या ट्रेनीला डेस्कवरची जुनी माणसं मनापासून शिकवतात. आकडा, नाव किंवा हुद्दा चुकीचा छापला गेला असेल, तर कुणाचा फोन येण्याची वाट न बघता चीफ रिपोर्टरना सांगा आणि दुरुस्ती उद्याच्याच अंकात, त्याच पानावर लावून घ्या. मग वहीतल्या अर्धवट नोंदींपुढे उद्या कुणाला, किती वाजता फोन करायचा ते लिहा. सिग्नलच्या कंत्राटासाठी विद्युत विभाग अकराच्या आत गाठावा लागेल, नंतर साहेब साइटवर निघून जातात.